खेळणाऱ्याची साक्ष

अमरावती-अकोल्याकडे व्हिडिओ गेमचा विषय निघाला की तीन विधाने ठरलेली असतात. पोरे वाया चालली, हे पहिले. गोष्टच हवी असेल तर पुस्तक आहे, सिनेमा आहे, मग बटणे कशाला दाबत बसायची, हे दुसरे. तिसरे जरा शिकल्यासवरल्या मंडळींकडून येते: खेळून झाल्यावर ही मुले जे बोलतात किंवा लिहितात ती फार तर आवडनिवड असते, तिला समीक्षा म्हणता येत नाही. मी मराठी शिकवते आणि गोष्टीचे, शोधाचे, भटकंतीचे खेळ आवडीने खेळते. ही तिन्ही विधाने मला अमान्य आहेत. पहिल्यात गोंधळ आहे, तो लवकर निस्तरता येईल. दुसऱ्याला वजन आहे, त्याला सविस्तर उत्तर द्यावे लागेल. तिसऱ्याचा मात्र मला राग येतो, कारण ते करणारे अनेक जण, मराठीतला आद्य गद्यग्रंथ जिथे आकाराला आला त्या रिद्धपूरपासून तासाभराच्या अंतरावर राहतात.

गोंधळ आधी निस्तरू. पालकांच्या डोळ्यांसमोर जे असते त्यात पैसे लावून खेळायची रमी असते, रात्रभर चालणारी गोळीबाराची झटापट असते, दर दहा मिनिटांनी काहीतरी विकत घ्यायला लावणारी मोबाइलवरची दुकाने असतात. त्यांची धास्ती खोटी नाही. खेळावरचा ताबा सुटणे हा विकार म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणात घेतला आणि ते वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात पैशांच्या खेळांवर बंदी आली. पण त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्स आणि पैसे न लावता खेळायचे खेळ वेगळे काढले. कायदा करणाऱ्यांना जो फरक दिसला तो पालकसभेत दिसायला हरकत नसावी. मी ज्या खेळांबद्दल बोलते आहे त्यांना शेवट असतो. ‘व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच’ दोन-तीन तासांत संपतो, ‘फायरवॉच’ चार-पाच तासांत. संपला की संपला; उद्या पुन्हा ये म्हणून तो बोलावत नाही. लहानशी कादंबरी वाचायला लागतो तेवढाच हा वेळ, त्याला व्यसन म्हणणे म्हणजे रोग आणि भूक यांत फरक न करणे आहे.

दुसऱ्या विधानाकडे येते. खंडनाआधी पूर्वपक्ष जितका बळकट मांडता येईल तितका मांडावा ही आपली जुनी रीत आहे. हा पूर्वपक्ष सर्वांत नेटकेपणाने मांडला तो अमेरिकेतले चित्रपट-समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी. २००५ मध्ये त्यांचा मुद्दा असा होता की थोर साहित्य आणि थोर चित्रपट लेखक-दिग्दर्शकाच्या नियंत्रणातून घडतात. खेळात मात्र निवड खेळणाऱ्याकडे जाते, म्हणून खेळ त्या उंचीला पोहोचूच शकत नाही. एप्रिल २०१० मध्ये त्यांनी हीच भूमिका आणखी ठामपणे लिहिली. ती वाचून वादळ उठले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी लिहिले की मत कायम आहे, पण पुरेसे न खेळता ते बोलून दाखवायला नको होते. ईबर्ट यांच्याबद्दल मला त्यामुळे आदर वाटतो. आमच्याकडे न खेळता बोलणाऱ्यांपैकी एवढे कबूल करणारा कुणी मला अजून भेटलेला नाही.

मुद्दा तरीही शिल्लक राहतो. सूत्रे खेळणाऱ्याच्या हाती गेली तर लेखक उरतो कुठे? याचे उत्तर तत्त्वचर्चेत शोधण्यापेक्षा एक प्रसंग जवळून पाहावा. ‘एडिथ फिंच’ हा जायंट स्पॅरो या छोट्या कंपनीचा २०१७ चा खेळ. पुढच्या वर्षी बाफ्टाचे सर्वोत्तम खेळाचे पारितोषिक त्याला मिळाले. एका घराण्यातली माणसे एकामागून एक अकाली गेली आहेत आणि उरलेली मुलगी जुन्या घरात परत येऊन खोल्या पाहत फिरते, एवढेच त्याचे कथानक. प्रत्येक खोलीत एकेकाची गोष्ट. त्यातला लुईस माशांच्या कारखान्यात कामाला होता. पडद्यावर कारखाना दिसतो. आपल्या उजव्या हाताला काम एकच: मासा ओढायचा, पात्याखाली सरकवायचा, मुंडके उडाले की पुढे ढकलायचा. पुढचा मासा आलेलाच असतो. कानावर लुईसच्या आईला त्याच्या डॉक्टरीणबाईंनी लिहिलेले पत्र पडत असते. थोड्या वेळाने पडद्याच्या एका कोपऱ्यात लुईसच्या मनातले जग उगवते, एक साधासा चक्रव्यूह, त्यात चालणारा एक चिमुकला माणूस. त्याला चालवायचे डाव्या हाताने. उजवा हात मासे कापतोच आहे.

हळूहळू ते मनातले जग वाढते. नद्या येतात, नगरे येतात, मिरवणुका निघतात, राज्य मिळते. कारखाना आक्रसत जातो आणि शेवटी दिसेनासा होतो. पण उजवा हात थांबलेला नसतो. मासा दिसत नाही, पाते दिसत नाही, तरी हात तीच हालचाल करत राहतो, कारण गेल्या काही मिनिटांत त्याला ती सवय लागलेली आहे. ज्या क्षणी हे आपल्या लक्षात येते त्या क्षणी लुईस आपल्याला कळतो. कंटाळवाण्या कामात माणसाचे शरीर एकीकडे आणि चित्त दुसरीकडे कसे जाते, हे कुणी सांगितलेले नसते. ते आपल्या दोन हातांत घडलेले असते. त्याचा शेवट इथे सांगत नाही, पण तो येतो तेव्हाही हालचाल आपल्यालाच करावी लागते आणि करताना हात जड होतो.

आता सांगा, इथे लेखकाचे नियंत्रण कुठे कमी पडले? शब्दाशब्दावर, सेकंदासेकंदावर त्याची हुकमत आहे. फक्त त्याने एक काम आपल्या अंगावर टाकले, आणि ते काम हाच त्या गोष्टीचा अर्थ आहे. कादंबरीकार हा प्रसंग लिहू शकेल, चांगला लिहील. दिग्दर्शक पडदा दुभंगून दाखवील. वाचणाऱ्याचा किंवा पाहणाऱ्याचा उजवा हात मात्र स्वस्थच राहील. म्हणून ‘यूट्यूबवर पूर्ण पाहिला’ म्हणणाऱ्या मुलांनाही माझे सांगणे असते की कथानक तुम्हाला कळले, खेळ कळला नाही. वऱ्हाडात चांगला संगणक घरी असणे ही चैन आहे, त्यामुळे पाहूनच समाधान मानणारे पुष्कळ आहेत. त्यांना मी नावे ठेवत नाही. पण पाहणे म्हणजे खेळणे नव्हे, हे त्यांनीही मान्य करावे.

खेळणाऱ्यांच्या घरातलाच एक आक्षेप इथे घ्यायला हवा. गोळीबाराच्या खेळांत मुरलेली पोरे असले खेळ दोन मिनिटे पाहतात आणि विचारतात, ‘नुसतंच चालाचं काय बे?’ मारामारी नाही, गुण नाहीत, हरणे-जिंकणे नाही, मग याला खेळ कशाला म्हणायचे? पालकांच्या आणि यांच्या म्हणण्यात मला फारसा फरक दिसत नाही. दोघांच्याही मते खेळात झटापट सोडून दुसरे काही असूच शकत नाही. एकाला ती नकोशी वाटते, दुसऱ्याला हवीशी, एवढेच. लुईसच्या प्रसंगात हरता येत नाही. पण त्या हातांना विचारा, त्यांनी काही केले की नाही ते.

खरे म्हणजे चालणे आणि जागा धुंडाळणे हे या प्रकाराला नंतर चिकटलेले नाही, त्याचा उगमच तिथे आहे. विल क्राउदर हा अमेरिकेतला प्रोग्रॅमर. तो आणि त्याची पत्नी पॅट्रिशिया दोघेही गुहा हिंडणारे आणि मोजणारे. केंटकीतली मॅमथ गुहा आणि शेजारची फ्लिंट रिज गुहा आतून जोडलेल्या आहेत हे ज्या तुकडीने सप्टेंबर १९७२ मध्ये सिद्ध केले, तिच्यात पॅट्रिशिया होती. पुढे घटस्फोट झाला. मुलींना आवडेल असे काहीतरी करावे म्हणून क्राउदरने १९७५-७६ च्या सुमारास एक खेळ लिहिला. त्यात चित्र एकही नव्हते. तुम्ही अमुक ठिकाणी उभे आहात, या दिशेला हे आहे, त्या दिशेला ते आहे, अशी शब्दांतली वर्णने, आणि खेळणाऱ्याने टंकलेली दिशा. १९७७ मध्ये डॉन वुड्स याने त्यात भर घातली आणि तो खेळ ‘अ‍ॅडव्हेंचर’ म्हणून सगळीकडे गेला. या साऱ्या कुळाला नावही त्या खेळानेच दिले. डेनिस जेर्झ नावाचे अभ्यासक २००५ मध्ये त्या खऱ्या गुहेत उतरले आणि मूळ प्रोग्रॅम ताडून पाहत हिंडले. त्यांचा लेख २००७ मध्ये आला. खेळातले भूगोलवर्णन बऱ्याच ठिकाणी प्रत्यक्ष गुहेशी जुळत होते.

हे वाचले तेव्हा मला पहिली आठवण झाली ती स्थानपोथीची. चक्रधरस्वामी आणि गोविंदप्रभू जिथे जिथे राहिले, बसले, थांबले त्या जागांचा हा चौदाव्या शतकातला मराठी ग्रंथ. गाव सांगायचे, गावाच्या कोणत्या अंगाला देऊळ आहे, त्याचे दार कोणत्या दिशेला, तिथून पुढचे स्थान कुठे, आणि तिथे काय घडले. ज्याला ती वाट चालायची आहे त्याच्यासाठी लिहिलेले, गोष्टीला जागेत गोवणारे हे गद्य आहे. वि. भि. कोलते यांनी ते संपादित करून आपल्यासमोर ठेवले. कोलते बुलढाणा जिल्ह्यातल्या नरवेलचे, म्हणजे वऱ्हाडचेच. पवित्र ग्रंथ आणि करमणुकीचा खेळ यांना मी एका पंक्तीला बसवत नाही, तसा अर्थ कुणी काढू नये. मला दाखवायचे आहे ते इतकेच की जागेच्या क्रमाने गोष्ट उलगडणे ही कथनाची जुनी, प्रतिष्ठित पद्धत आहे आणि मराठीला ती परकी नाही. हेन्री जेन्किन्स या अभ्यासकाने २००४ च्या एका निबंधात खेळ रचणाऱ्यांना कथा सांगणाऱ्यांपेक्षा कथेची वास्तू उभारणारे म्हटले. अमेरिकेत हा विचार नवा वाटला असेल. रिद्धपूरच्या यात्रेकरूला तो समजावून सांगावा लागला नसता.

आता तिसरे विधान. खेळणारा जे सांगतो ती समीक्षा नाही, असे म्हणणाऱ्यांची कारणे तीन: प्रत्येकाचा अनुभव वेगळा, तो आठवणीवर बेतलेला, आणि सांगणारा अधिकारी नाही. ठीक. मग आपल्या भाषेतला आद्य गद्यग्रंथ कसा तयार झाला ते पाहू. शके १२०० च्या सुमारास, म्हणजे १२७८ च्या आसपास, रिद्धपूरला चक्रधरस्वामींच्या विरहात जमलेल्या शिष्यांकडून म्हाइंभटांनी लीळा गोळा केल्या. ज्याने पाहिले, ज्याने ऐकले, त्याच्या तोंडून. सांगणाऱ्यांत पंडित होते तशा साध्या बायाबापड्याही होत्या. नागदेवाचार्यांच्या देखरेखीखाली ते पारखून लिहिले गेले. पुढे धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली आणि ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. हिराइसेच्या स्मरणातून आलेला पाठ आजही तिच्या नावाने ओळखला जातो. एका बाईची स्मरणशक्ती ग्रंथाचा आधार ठरली, हे मी वर्गात सांगते तेव्हा मागच्या बाकावरची मुलेही मान वर करतात.

आणि आठवणी जुळल्या नाहीत तेव्हा काय केले? वेगळी आठवण पुसून टाकली नाही. अमुक जण असे सांगतात, तमुक जण तसे, अशी नोंद करून दोन्ही ठेवल्या. राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ मध्ये काढलेली त्या ग्रंथाची कोलत्यांची प्रत उघडा, पानोपानी हे दिसेल. साक्ष वेगळी निघाली म्हणून खोटी ठरत नाही; ती कुणाची, कुठून पाहिलेली, हे लिहून ठेवले की तिला किंमत येते. ज्या भाषेचे गद्य अशा साक्षींवर उभे आहे, त्या भाषेच्या प्राध्यापकांनी ‘प्रत्येकाचा अनुभव वेगळा असतो’ हे कारण पुढे करून खेळणाऱ्यांना बाहेर ठेवावे, हे मला पटत नाही.

साक्षी वेगळ्या असण्यातून काय हाती लागते ते ‘फायरवॉच’वरून दाखवते. कँपो सँटो कंपनीचा हा २०१६ चा खेळ. १९८९ चा उन्हाळा, वायोमिंगमधले शोशोनी जंगल, आगीवर नजर ठेवायला मनोऱ्यावर नेमलेला हेन्री. दुसऱ्या मनोऱ्यावर डेलाइला, तिच्याशी वॉकीटॉकीवरून बोलणे, बस्स. हातात कागदी नकाशा आणि होकायंत्र. वाट चुकली तर तुमची चूक. जंगलात काहीतरी कट शिजतो आहे असा संशय वाढत जातो आणि शेवटी त्यामागे निघतो तो मुलाच्या मृत्यूनंतर जगापासून लपलेला एक बाप. हेन्री आणि डेलाइला यांची भेटही होत नाही.

अनेक खेळणाऱ्यांची यावर तक्रार आहे: एवढी उत्कंठा वाढवली आणि हाती काय दिले? दुसरे म्हणतात, हेन्रीची बायको स्मृतिभ्रंशाने आजारी आहे आणि तो तिच्यापासून पळून जंगलात आला आहे. पळून जाणाऱ्याच्या हाती दुसरे काय लागणार? मी दुसऱ्या बाजूची आहे. पण पहिली तक्रारही मला मोलाची वाटते, कारण अपेक्षाभंग झाला हे तिथे घडलेले सत्य आहे, आणि खेळाने तो मुद्दाम केला की त्याच्याकडून झाला हा वाद त्या साक्षीशिवाय सुरूच होत नाही.

आणखी एक साक्ष वऱ्हाडातूनच येऊ शकते. मेळघाटाच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला उन्हाळ्यातली जंगलातली आग गोष्टीतून कळावी लागत नाही. जाळरेषा काढणारे, आगीवर लक्ष ठेवायला नेमलेले हंगामी मजूर त्याच्या ओळखीतले असतात. तो हा खेळ खेळताना विचारील: या जंगलात माणसे का राहत नाहीत? हिंडायला आलेल्या दोन मुली दिसतात, लपलेल्या बापाचा माग लागतो. ज्या आदिवासींच्या नावाने ते जंगल ओळखले जाते त्यांच्यापैकी कुणीच कसे भेटत नाही? मेळघाटातली कोहा, कुंड, बोरी ही गावे व्याघ्रप्रकल्पासाठी उठून अकोट तालुक्यात वसवली गेली, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या डोक्यात हा प्रश्न येणारच. तो खेळाच्या रूपाला, त्याच्या एकांताच्या कल्पनेला थेट भिडतो. हा प्रश्न विचारायला अकोटचा बारावीतला मुलगा पुरे, त्याच्याकडे पदवी असण्याची गरज नाही.

परदेशी खेळांत आपला मुलूख येतो तेव्हा तर ही साक्ष जास्तच लागते. ‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’ हा २०१७ चा गाजलेला खेळ पश्चिम घाटात घडतो. पावसाने भिजलेले डोंगर, धबधबे, दगडी मंदिरे, सारे देखणे. पण त्यात होयसळांचे हळेबीडू आणि बेलूर रानात हरवलेली, कुणाला न सापडलेली नगरे म्हणून येतात. प्रत्यक्षात ही दोन्ही हासन जिल्ह्यातली राबती गावे आहेत. सहलीच्या बसगाड्या तिथे रोज थांबतात आणि २०२३ मध्ये तिथली मंदिरे जागतिक वारसा यादीत गेली. जगभरच्या परीक्षणांनी त्या दृश्यांची वाखाणणी केली. शाळेच्या सहलीत बेलूर पाहिलेला आपल्याकडचा मुलगा म्हणेल की देवळे सुंदर आहेत, पण हरवलेली नव्हती हो, आम्ही तिथे डबा खाल्ला. समीक्षा याहून वेगळी काय असते? वर्णन, तपासणी आणि निवाडा, तिन्ही त्या एका वाक्यात आले.

आपल्याकडच्या खेळांनाही हीच कसोटी लावावी. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीचा ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ २०२० मध्ये आला. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. तरी चिवटपणे खेळ पुरा केला आणि २०२० मध्येच जगातल्या सर्वांत मोठ्या गेम पुरस्कारांत स्वतंत्र कंपन्यांच्या पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळाले. राजी ही डोंबाऱ्याच्या खेळातली चपळ मुलगी, राक्षसांनी पळवलेल्या भावाला, गोलूला, शोधत निघते. कथानक पुढे सरकते ते सावल्यांच्या बाहुल्यांतून, आणि वाटेवर भिंतींवरच्या चित्रांजवळ थांबले की देवांच्या कथा ऐकू येतात. मी तिथे जास्त रेंगाळले. राजस्थानी वाड्यांचे सज्जे, पाण्यावरच्या कमानी, गच्च्या: ही वास्तू बोलते. लढायांत मात्र तोचतोपणा आहे आणि शेवट अर्धवट तुटल्यासारखा वाटतो. ही तक्रार माझ्या एकटीची नाही, पुष्कळ खेळणाऱ्यांनी ती केली आहे. आपल्या माणसांनी केलेला खेळ म्हणून ती गिळून टाकावी असे मला वाटत नाही. पुण्याच्या त्या मंडळींना कौतुकाइतकीच या तपशीलवार नापसंतीची गरज आहे.

मराठीत खेळांबद्दल जे थोडे लिहिले जाते त्यातले बरेचसे वाईट आहे, हेही स्पष्ट सांगते. ‘ग्राफिक्स भारी, स्टोरी जबरदस्त, दहापैकी नऊ’ ही साक्ष नव्हे. साक्ष देणाऱ्याने काय केले, कुठे अडला, काय न पाहताच पुढे गेला, कोणती निवड करताना हात थबकला, हे सांगायला हवे. ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ या २०१८ च्या खेळात ईस्ट इंडिया कंपनीच्या एका जहाजावरच्या साठ माणसांचे काय झाले हे तुम्हाला शोधायचे असते. त्यात हिंदुस्थानी खलाशीही आहेत. नावांची यादी, एक जुने चित्र आणि प्रत्येकाच्या मरणाचा गोठलेला क्षण, एवढ्या आधारावर कोण कोण होते ते ठरवायचे. तीन माणसांचा निकाल बरोबर लागल्याशिवाय खेळ होकार देत नाही. तो खेळल्यावर ‘मजा आली’ लिहिणे फुकट आहे. कानावर पडलेल्या कुठल्या भाषेवरून, कुणाच्या पायांतल्या जोड्यावरून, कुणाच्या झोपायच्या झोळीवरच्या आकड्यावरून तुम्ही अनुमान केले, त्यातले कुठले चुकले आणि का, हे लिहा. न्यायशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना यापेक्षा चांगली उदाहरणे मिळणार नाहीत.

वाचन बुडते म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा देऊन ठेवते. ‘डिस्को एलिझियम’ या २०१९ च्या खेळात दहा लाखांच्या आसपास शब्द आहेत, आणि ते वाचल्याशिवाय खेळात एक पाऊल पुढे पडत नाही. अडचण वेगळीच आहे: या लेखात मी ज्या खेळांची नावे घेतली त्यांतले बहुतेक मराठीत नाहीत. चांगले इंग्रजी येणाऱ्या मुलांनाच ते लाभतात. तळमळ करायची तर या गोष्टीची करावी.

आणि आपल्याकडे विषयांना तोटा आहे का? मूर्तिजापूर ते अचलपूर शकुंतला रेल्वे अरुंद रुळांवरून धावत होती. मँचेस्टरला १९२१ मध्ये घडवलेले वाफेचे इंजिन तिने १९९४ पर्यंत वापरले. रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले तरी ही लाइन खासगी कंपनीच्या मालकीची राहिली. कापसाच्या गाठी, ओसाड स्थानके, तिकिटे फाडणारा आणि डबेही सोडवणारा गार्ड. ज्याला गोष्टीचा, भटकंतीचा खेळ रचायचा आहे त्याला या एका मार्गावर चार खेळ सापडतील. शिवाय गाविलगड आहे, नरनाळा आहे. राज्य सरकारने २०२५ मध्ये खेळ रचण्याच्या उद्योगालाही लागू होणारे धोरण मंजूर केले आहे. त्याचा लाभ मुंबई-पुण्याबाहेर पोहोचला पाहिजे, आणि रिद्धपूरला सुरू झालेल्या मराठी भाषा विद्यापीठाने या कामात हात घालावा, अशी माझी मागणी आहे.

पण खेळ रचणे पुढची गोष्ट झाली, त्याआधी खेळणाऱ्यांनी लिहायला हवे. माझ्या शिक्षक मित्रमैत्रिणींना विनंती आहे की पुस्तकपरीक्षणाच्या जागी एखाद्या विद्यार्थ्याने खेळाचे परीक्षण आणले तर परत पाठवू नका, त्याच काटेकोरपणे तपासा. वाचनालयांनी खेळणाऱ्यांच्या साक्षींसाठी एक जाड वही टेबलावर ठेवावी. आणि अमरावती, अकोला, अचलपूर, अकोट, मूर्तिजापूर कुठेही हे खेळ खेळणाऱ्या मुलामुलींनो, खेळ संपला की त्याच रात्री दोन पाने लिहा: खेळाचे नाव, तुम्ही काय केलेत, कुठे थांबलात, काय खटकले आणि ते का. वऱ्हाडीत सुचले तर वऱ्हाडीत लिहा, पण खाली आपले नाव आणि गाव घाला.